वासराच्या पोटातून बुरशीच्या टाकीत

पुणे-नाशिक रस्त्यावर मंचरजवळ अवसरी फाटा आहे. तिथल्या डेअरीकडे वळणारे दुधाचे टँकर आम्हा आंबेगाव-जुन्नरच्या लोकांच्या इतके सवयीचे झाले आहेत, की कोणी मान वळवूनही पाहत नाही. १९९२ मध्ये स्थापन झालेल्या पराग मिल्क फूड्सचा हा कारखाना. इथले चीज ‘गोवर्धन’ आणि ‘गो’ या नावांनी देशभर जाते. ज्या भागात पंचवीस-तीस वर्षांपूर्वी चीज हा शब्द फक्त इंग्रजी माध्यमाच्या पुस्तकात भेटायचा, तो भाग आज देशाच्या चीज-नकाशावर ठळक आहे.

काही वर्षांपूर्वी भाचीने पिझ्झ्यासाठी आणलेले चीजचे पाकीट मी उलटून वाचत होतो. पाकिटावर हिरवा ठिपका होता. शेजारी बसलेल्या आईने विचारले, “पण यांनी दूध मोडलं कशानं? लिंबानं का विरजणानं?” मी म्हणालो, “असेल काहीतरी पावडर.” आईने आयुष्यभर दूध तापवले, विरजले, नासले तर त्याचे काय करायचे ते पाहिले. तिचे अशा उत्तराने समाधान होणे शक्य नव्हते. खरे तर माझेही झाले नाही. मी विज्ञानाचा पदवीधर नाही. जे वाचले ते शब्दकोश उशाला ठेवून आणि जाणत्यांना विचारत वाचले. त्या वाचनातून आईच्या प्रश्नाचे जे उत्तर हाती आले, ते इथे मांडतो. ते वासराच्या पोटातून निघते, जपानमधल्या मातीतून आणि पुण्याच्या प्रयोगशाळेतून फिरते आणि शेवटी आमच्याच गोठ्यात परत येते.

दूध मोडण्याची तिसरी रीत

आपल्या स्वयंपाकघराला दूध घट्ट करण्याच्या दोन मुख्य रीती ठाऊक आहेत. उकळत्या दुधात लिंबू पिळले की ते फाटते आणि छन्ना निघतो. कोमट दुधात विरजण घातले की रात्रभरात दही लागते. वरवर या दोन गोष्टी वेगळ्या दिसल्या, तरी दोन्हीकडे काम आंबटपणाचेच असते. लिंबाचे आम्ल आपण बाहेरून घालतो, विरजणातले जिवाणू ते दुधातल्या साखरेपासून स्वतः तयार करतात. (खरवसाची गोष्ट निराळी. चिकातली प्रथिने नुसत्या उष्णतेने थिजतात.)

चीजची रीत तिसरी आहे. ती समजण्यासाठी दुधाच्या आत थोडे डोकवावे लागते. गायीच्या दुधातल्या प्रथिनांपैकी सुमारे ऐंशी टक्के भाग केसीन नावाच्या प्रथिनांचा असतो. ही प्रथिने सुटी तरंगत नाहीत. कॅल्शियम आणि फॉस्फेट यांच्या साहाय्याने त्यांचे सूक्ष्म गोळे बनलेले असतात. या गोळ्यांच्या पृष्ठभागावर कापा केसीन नावाच्या प्रथिनाचे बारीक केस उभे असतात. हे केस पाण्याला धरून राहतात आणि त्यांच्यावर ऋण विद्युतभार असतो, म्हणून एक गोळा दुसऱ्याला चिकटत नाही. दूध पातळ राहते ते या केसांमुळे.

कापा केसीन ही १६९ अमिनो आम्लांची माळ आहे. तिच्यातल्या १०५ व्या आणि १०६ व्या मण्यांमधला दुवा तोडला, की केसाचा बाहेरचा भाग सुटून पाण्यात जातो. गोळे उघडे पडतात, दुधातल्या कॅल्शियमच्या मदतीने एकमेकांना चिकटतात आणि बघता बघता सगळ्या दुधाचे जाळे विणले जाते. हा दुवा तोडणारे जे द्रव्य, त्याला रेनेट म्हणतात. त्यातले मुख्य विकर म्हणजे कायमोसिन. विकर म्हणजे एन्झाइम. स्वतः न संपता रासायनिक क्रिया घडवून आणणारे प्रथिन. आणि प्रथिने कापणारी जी विकरे, त्यांना प्रोटिएज म्हणतात. कायमोसिन हे एक प्रोटिएज आहे.

आंबवून मोडलेले दूध आणि कापून मोडलेले दूध यांत मोठा फरक पडतो. आम्लामुळे गोळ्यांमधले कॅल्शियम विरघळून निघून जाते, त्यामुळे दही ठिसूळ होते. रेनेटने केलेल्या जाळ्यात कॅल्शियम जागच्या जागी राहते. म्हणून ते रबरासारखे लवचीक असते. त्यातले पाणी दाबून काढता येते, ते महिनोन्महिने मुरवता येते आणि मोझरेलासारखे तारेत ओढताही येते. लिंबाने फाडलेल्या पनीरची पिझ्झ्यावर तार निघत नाही, याचे कारण हे.

या कापाला द्रव्य किती लागते, हे वाचून मी चकित झालो होतो. प्रमाणित रेनेटची ताकद एकास पंधरा हजार अशी सांगतात. म्हणजे एक लिटर रेनेट ३५ अंश सेल्सिअस तापमानाला सुमारे चाळीस मिनिटांत पंधरा हजार लिटर दूध थिजवते.

पपईचा चीक आणि कडू गोळा

हे विकर मुळात वासराचे आहे. रवंथ करणाऱ्या जनावराच्या पोटाचे चार कप्पे असतात. दूध पिणाऱ्या वासराच्या चौथ्या कप्प्यात कायमोसिन पाझरते. दूध पाण्यासारखे पातळ राहिले तर भरभर पुढे निघून जाईल. म्हणून निसर्गाने ते पोटातच थिजवण्याची सोय केली. गोळा झालेले दूध सावकाश पचते आणि वासराला तासन् तास पुरते. आईचे दूध पोटात धरून ठेवण्याची ही व्यवस्था आहे.

माणसाने ती वासराला मारून मिळवली. युरोपात शतकानुशतके कोवळ्या वासराच्या चौथ्या पोटाचे वाळवलेले तुकडे दुधात भिजवून चीज केले जाई. कोपनहेगनमध्ये क्रिश्चन हान्सेन यांनी १८७४ मध्ये ठरावीक ताकदीचे रेनेट विकायला सुरुवात केली आणि चीज हा कारखान्याचा माल होण्याची वाट मोकळी झाली. आपल्याकडे ही वाट बंदच होती. दुभत्या जनावरांचा एवढा मोठा देश, दह्या-ताका-तुपाच्या एवढ्या तऱ्हा, आणि मुरवलेल्या चीजची परंपरा मात्र जवळजवळ नाही. त्याला हवामान कारण आहे, तसे हेही.

मग वनस्पतींचा चीक का वापरला नाही? कच्च्या पपईचा चीक मटण लवकर शिजावे म्हणून आपल्याकडे वापरतातच. त्यातले पपेन हेही प्रोटिएजच. मी घरी करून पाहिले. कोमट दुधात पपईच्या चिकाचे थेंब टाकले. दूध झकास थिजले. फडक्यात बांधून, दाबून ठेवलेला गोळा दुसऱ्या दिवशी चाखला आणि थुंकून टाकला. कडूजहर.

या कडूपणात सगळे शास्त्र दडलेले आहे. पपेन १०५-१०६ चा दुवा तोडून थांबत नाही. ते केसीनच्या माळा जागोजागी तोडत सुटते. मोठ्या प्रथिनाला चव नसते, पण त्याच्या काही छोट्या तुकड्यांना कडू चव असते. शिवाय जाळे तुटल्यामुळे प्रथिन पाण्याबरोबर वाहून जाते आणि चीज कमी भरते. चीज बनवणाऱ्याला हवी असते ती एकाच ठिकाणी कापणारी कात्री. वासराचे कायमोसिन तशी कात्री आहे. तिची सर असलेली दुसरी कात्री शोधणे, हा विसाव्या शतकातला मोठा औद्योगिक प्रश्न होता.

बुरशीला पोट नसते

दुसऱ्या महायुद्धानंतर जगात चीजचा खप वाढत गेला आणि कोवळी वासरे कापण्याचे प्रमाण कमी होत गेले. रेनेटची टंचाई झाली. तेव्हा संशोधक सूक्ष्मजीवांकडे वळले. टोकियो विद्यापीठात केई अरिमा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मातीतले सूक्ष्मजीव वेगळे करून त्यांच्यातला कोणता दूध थिजवतो, पण प्रथिनाची नासाडी करत नाही, याची चाळणी लावली. त्यातून म्युकर पुसिलस ही बुरशी हाती लागली. १९६७ मध्ये त्यांचा निबंध प्रसिद्ध झाला. तिचीच नातलग असलेली म्युकर मिहेई (आता तिला रायझोम्युकर मिहेई म्हणतात) पुढे जास्त वापरात आली. तिचे विकर कापा केसीन नेमक्या त्याच दुव्यावर तोडते.

बुरशीकडे असे विकर का असावे? बुरशीला पोट नसते. आपण अन्न पोटात घेऊन पचवतो. बुरशी अन्नावर पसरते, पाचक रस बाहेर सोडते आणि विरघळलेले अन्न शोषून घेते. पावसाळ्यात शिळ्या भाकरीवर उगवणारी बुरशी हेच करत असते. तिचे पोट तिच्या बाहेर असते, असे म्हणायला हरकत नाही. माणसाच्या दृष्टीने ही फारच सोयीची गोष्ट ठरली. वासराचे विकर मिळवायला पोट फाडावे लागते. बुरशीचे विकर ती ज्या पाण्यात वाढते, त्या पाण्यातच उतरते.

कारखान्यातली पद्धत आईला मी विरजणाच्या भाषेत समजावली. निवडक बुरशीचे मूळ विरजण प्रयोगशाळेत जपून ठेवलेले असते. त्यातले किंचित घेऊन एका चंबूत वाढवतात. चंबूतले छोट्या टाकीत आणि छोट्या टाकीतले मोठ्या टाकीत घालतात. टाकी पोलादाची, निर्जंतुक केलेली. आत पिठूळ पदार्थ, सोयाबीनची पेंड, क्षार आणि पाणी. खालून गाळलेली हवा सोडतात, मध्ये पाती फिरत राहतात आणि तापमान व आम्लता मोजून राखली जाते. काही दिवसांत बुरशी भरपूर वाढते आणि विकर पाण्यात साठते. मग बुरशी गाळून काढायची, पाणी अतिसूक्ष्म पडद्यांतून दाबून विकर दाट करायचे, जंतू राहू नयेत म्हणून पुन्हा गाळायचे आणि मीठ घालून ठरलेल्या ताकदीला आणायचे. विरजणात आपल्याला जिवाणूसकट दही हवे असते. इथे बुरशी बाजूला जाते आणि तिचा पाचक रस तेवढा हवा असतो.

सुरुवातीला या रसात दोन खोड्या होत्या. पहिली म्हणजे त्याची कात्री वासराच्या कात्रीइतकी नेमस्त नव्हती. लांब मुरवायच्या चीजमध्ये कधी कधी कडूपणा उतरायचा. दुसरी, हे विकर उष्णतेला फार दाद देत नसे. दहा लिटर दुधातून साधारण एक किलो चेडर निघते, बाकीचे नऊ लिटर निवळीचे पाणी. त्याला व्हे म्हणतात. पूर्वी ते ओतून देत. आता त्याची भुकटी करून बाळांच्या आणि व्यायामपटूंच्या खाण्यात घालतात. विकर त्यात जिवंत राहिले, तर पुढे जिथे ती भुकटी वापरली जाईल तिथे ते दूध फोडणार. यावर उपाय असा निघाला की विकरातल्या मेथिओनिन या अमिनो आम्लाचे ऑक्सिडीकरण करायचे. एवढ्याने ते उष्णतेला हळवे होते आणि पाश्चरीकरणात निष्प्रभ होऊन जाते.

ठिपक्याचा रंग

यापुढची पायरी १९९० मध्ये आली. वासराच्या पेशीतून कायमोसिनचा जनुकीय मजकूर घेऊन तो सूक्ष्मजीवात घालण्याचे तंत्र साधले होते. फायझर कंपनीने ई. कोलाय जिवाणूत बनवलेल्या कायमोसिनला अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने मार्च १९९० मध्ये मान्यता दिली. जनुक बदलून बनवलेले, अन्नात वापरायला परवानगी मिळालेले अमेरिकेतले ते पहिले विकर. पुढे यीस्ट आणि ॲस्परजिलस बुरशीतही ते बनू लागले. विकर अगदी वासराचेच, पण वासरू कुठेच नाही.

भारतात चीजची कायदेशीर व्याख्याच अशी आहे, की दूध थिजवायला प्राणिजन्य नसलेले रेनेट किंवा दुसरे योग्य द्रव्य वापरावे. या शतकाच्या सुरुवातीला खाद्यपदार्थांच्या पाकिटांवर हिरव्या-तपकिरी ठिपक्यांची सक्ती झाली, तेव्हा चीजला हिरवा ठिपका मिळाला तो या सूक्ष्मजीवांच्या जिवावर. बुरशीची टाकी नसती, तर मंचरसारख्या ठिकाणी चीज उद्योग या रूपात उभा राहिला असता का, याची मला शंका आहे.

वासराचा जनुकीय मजकूर वाचून बुरशीने बनवलेले विकर शाकाहारी म्हणायचे का, असा प्रश्न एका वारकरी स्नेह्याने मला विचारला. मी त्यांना म्हणालो, पोथीची नक्कल करताना मूळ पोथी फाडावी लागत नाही. ते हसले, पण त्यांचे पूर्ण समाधान झाले नव्हते. माझेही झालेले नाही, मात्र कारण वेगळे आहे. त्याकडे शेवटी येतो.

हिरड्याच्या उलटे

प्राण्याच्या पोटातून टाकीत येण्याचा हा प्रवास एकट्या चीजचा नाही. आमच्या तालुक्यांच्या पश्चिम टोकाला, भीमाशंकर, आहुपे, नाणेघाटाच्या डोंगरांत हिरड्याची झाडे आहेत. महादेव कोळी कुटुंबे हिरडा गोळा करतात. कोवळा बाळहिरडा औषधाला जातो, पिकलेला हिरडा पूर्वापार कातडे कमावायला वापरला जाई. हिरडा चघळला की तोंड आवळते, कारण त्यातले टॅनिन थुंकीतल्या प्रथिनांना जखडते. कातड्यातल्या प्रथिनालाही ते तसेच जखडते, म्हणून कमावलेले कातडे कुजत नाही. म्हणजे हिरडा प्रथिन बांधतो आणि प्रोटिएज प्रथिन सोडते. कातडे कमावताना दोघांचीही गरज पडते. आधी नको असलेली प्रथिने सोडवून कातडे मऊ करायचे, मग उरलेले टॅनिनने बांधायचे.

मऊ करण्याच्या या पायरीसाठी युरोपातले चर्मकार कुत्र्याची विष्ठा आणि पारव्यांची शीट वापरत. जर्मन रसायनज्ञ ओटो रोम यांनी ओळखले, की हे काम विष्ठेतली पाचक विकरे करतात. १९०७ च्या सुमारास त्यांनी कत्तलखान्यातल्या जनावरांच्या स्वादुपिंडापासून तसा अर्क तयार केला. १९१३ मध्ये त्यांनीच स्वादुपिंडाची विकरे कपडे धुण्यासाठी वापरण्याचे पेटंट घेतले. रक्त, घाम, दूध, अंडे यांचे डाग म्हणजे प्रथिनांचेच डाग. पण स्वादुपिंडाचे विकर साबणाच्या क्षारधर्मी पाण्यात नीट टिकत नसे. १९५९ मध्ये स्वित्झर्लंडमध्ये जिवाणूपासून मिळवलेले प्रोटिएज घातलेली धुलाई पावडर आली. साठच्या दशकात डेन्मार्कच्या नोव्हो कंपनीने बॅसिलस जिवाणूंचे प्रोटिएज मोठ्या प्रमाणावर बाजारात आणले आणि स्वादुपिंड मागे पडले.

या बदलाची किंमत आधी कामगारांनी मोजली. १९६९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये इंग्लंडमधल्या धुलाई पावडरच्या कारखान्यातल्या कामगारांना विकराच्या धुळीमुळे दम्यासारखा आजार होत असल्याचे निबंध आले. त्यानंतर विकराचे कण मेणासारख्या वेष्टनात गुंडाळण्याची पद्धत रूढ झाली. आपल्या घरातल्या पावडरीत विकर धुळीऐवजी दाण्यांच्या रूपात असते, त्यामागे त्या लोकांचे श्वास आहेत.

आपल्याकडे कातडी कमावण्याचे घाणीचे, वासाचे काम ठरावीक जातींवर लादले गेले. चुन्यात कातडे किती दिवस ठेवायचे, केस कधी सुटतात, बाभळीची साल आणि हिरडा किती घालायचा, हे ज्ञान त्यांच्या हातांत होते. ते कोणत्याही पोथीत शिरले नाही. त्या हातांनी लिहिले असते, तर विकरांच्या इतिहासाचे पहिले प्रकरण कदाचित मराठीत असते.

पाषाणची बुरशी, लोणारचे जिवाणू

पुढची प्रकरणे मात्र आपल्या जवळ लिहिली गेली. पुण्यात पाषाणला राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा आहे. १९५० मध्ये ती सुरू झाली. तिथल्या औद्योगिक सूक्ष्मजीवांच्या राष्ट्रीय संग्रहात हजारो सूक्ष्मजीव जिवंत सांभाळलेले आहेत. तिथल्या संशोधकांनी कोनिडिओबोलस कोरोनेटस या बुरशीपासून क्षारधर्मी पाण्यात काम करणारे प्रोटिएज मिळवले. ते बाजारातल्या धुलाई पावडरींबरोबर कितपत टिकते, यावरचा त्यांचा निबंध १९९३ मध्ये प्रसिद्ध झाला. पुण्याच्याच आघारकर संशोधन संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी बुलढाणा जिल्ह्यातल्या लोणारच्या खाऱ्या, क्षारधर्मी सरोवरातले जिवाणू तपासले. ज्या पाण्यात मासा जगत नाही, त्यात राहणाऱ्या जिवाणूंचे विकर साबणाच्या पाण्यातही तग धरेल, असा तर्क त्यामागे होता. म्हशीच्या कातड्यावरचे केस चुना आणि सल्फाइडऐवजी विकराने काढण्यावरही त्या संस्थेत काम झाले. सल्फाइड गेले, तर चर्मोद्योगाच्या सांडपाण्यातले मोठे विष जाते.

१९९८ मध्ये माला राव, अपर्णा टंकसाळे, मोहिनी घाटगे आणि वासंती देशपांडे या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेतल्या चौघींनी सूक्ष्मजीवांच्या प्रोटिएजचा सविस्तर आढावा एका आंतरराष्ट्रीय नियतकालिकात लिहिला. जगात विकल्या जाणाऱ्या विकरांपैकी सुमारे साठ टक्के प्रोटिएज आहेत, असे त्यांनी त्यात नोंदवले होते. या विषयावर जगात कुठेही लिहिणारा आजही तो आढावा उद्धृत करतो. मला या विषयात जे थोडेफार उमगले, त्याची सुरुवात त्या निबंधापासून झाली. मंचरहून दोन तासांवर बसून चार मराठी बायांनी जगाला हा विषय शिकवला, हे आमच्या भागातल्या एकाही शाळेत मी सांगितलेले ऐकले नाही.

हाच पुणे-नाशिक रस्ता पुढे सिन्नरला जातो. तिथे मूळच्या ठाण्याच्या ॲडव्हान्स्ड एन्झाइम टेक्नॉलॉजीज या कंपनीचा विकरे बनवण्याचा उद्योग आहे. म्हणजे एका रस्त्यावर विकरांचे शास्त्र, त्यांचे उत्पादन आणि त्यांचा वापर, तिन्ही आहेत. तरी जगातला विकरांचा व्यापार मोजक्या हातांत आहे. हान्सेन यांनी सुरू केलेली कंपनी आणि नोव्होची वारस नोव्होझाइम्स या दोन्ही २०२४ मध्ये एक झाल्या.

गोठ्यात परत

आता दूध घालणाऱ्याकडे येतो. आमच्याकडे संकलन केंद्रावर गायीच्या दुधाचा दर फॅट आणि एसएनएफ यांवर ठरतो. ३.५ आणि ८.५ हे आकडे इथल्या शाळकरी पोरालाही पाठ असतात. पण चीज किती निघणार हे फॅटबरोबर केसीनवर ठरते आणि ते केंद्रावर वेगळे मोजले जात नाही. सध्या ए-वन आणि ए-टू दुधाचा वाद जोरात आहे. तो बीटा केसीनबद्दल आहे. चीजच्या दृष्टीने महत्त्वाचे ते कापा केसीन, ज्याच्यावर कात्री चालते. त्याचेही प्रकार आहेत. ‘बी’ प्रकाराचे दूध लवकर आणि घट्ट थिजते. तो जर्सी गायींत अधिक आढळतो, होल्स्टीनमध्ये कमी. आपल्या गोठ्यातल्या गायीत कोणता प्रकार आहे हे इथे कोणी तपासत नाही, कारण त्याचा पैसा मिळत नाही. दुधाचे मोल ज्या रेणूत आहे त्या रेणूचे नावही दूध घालणाऱ्याला माहीत नसेल, तर दर मागताना तो कशाच्या जोरावर बोलणार?

आणि वासरू? बुरशीने त्याला चीजच्या कारखान्यातून सोडवले, हे खरे. पण संकरित गायीला गोऱ्हा झाला, तर गोठ्यात कोणी पेढे वाटत नाही. तीस किलोच्या वासराला त्याच्या वजनाच्या दहाव्या हिश्श्याइतके, म्हणजे रोज तीन लिटर दूध पाजावे, असे पशुवैद्य सांगतात. कालवडीला लोक पाजतात. गोऱ्ह्याला कोण पाजणार? नांगराचे काम ट्रॅक्टरने घेतले. बैलगाडा शर्यतींना सर्वोच्च न्यायालयाने २०२३ मध्ये मान्यता कायम ठेवली, पण घाटात धावायला खिलार लागतो, होल्स्टीनचा गोऱ्हा नाही. २०१५ पासून राज्यात बैल-वळूंची कत्तलही बंद आहे. म्हणून तो गोऱ्हा हळूहळू खंगतो किंवा रात्री कुठेतरी सोडला जातो. कालवडच व्हावी अशा निवडक वीर्यमात्रा आता मिळू लागल्या आहेत. गोऱ्ह्याच्या प्रश्नावर तेवढेच एक शास्त्रीय उत्तर सध्या दिसते.

हिरव्या ठिपक्यावर माझा आक्षेप नाही. तो खोटे बोलत नाही. पण तो फक्त दूध कशाने मोडले एवढेच सांगतो. दूध कोणाच्या वाट्याचे होते, हे सांगण्याचे काम त्याचे नाही. ते आपले आहे.

हे सगळे मी आईला एका संध्याकाळी सांगितले. कात्री, बुरशी, टाकी, जपान, पाषाण. तिने शांतपणे ऐकले आणि म्हणाली, “म्हंजे आता वासराच्या पोटाची गरज नाही.” मी हो म्हणालो. शेजारच्या गोठ्यात धारेची वेळ झाली होती. दावणीला बांधलेला काळा-पांढरा गोऱ्हा हंबरत होता. आई म्हणाली, “मग त्याच्या पोटाची काळजी कोण करतंय?”

तिच्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर शोधायला मला काही वर्षे लागली. हा दुसरा प्रश्न एकट्याने वाचून सुटण्यातला नाही.